तीनशे तास आणि गुंतवळ

८ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांनी रोज चार ओळी लिहायला सांगितल्या आहेत. जाड पेन घ्यायचं, अंगठा सावकाश वाकवायचा आणि दुखलं की थांबायचं. लिहिण्यासारखं काही नसेल तर काय करू, विचारलं तर म्हणाले, स्वतःचं नाव लिहा. तर हे घ्या. व्हर्डेल गेन्स. व्हर्डेल गेन्स. झाली दोनदा.

एकतीस वर्षं या वस्तीतल्या बायकांच्या वेण्या घातल्यावर दोन्ही अंगठ्यांचे सांधे झिजले आहेत. वेणीतला प्रत्येक पेड अंगठ्याखालून जातो, मग दुसरं काय होणार? ही गोष्ट मला, डॉक्टरांना आणि सोखनाला ठाऊक आहे. गिऱ्हाइकांना वाटतं, मी वयाप्रमाणे जरा बसून घेते.

सोखना तीन वर्षं माझ्याकडे आहे. सेनेगलच्या काओलाकची. चौतीस वर्षांची, डोक्याला कायम फडकं गुंडाळलेली, बोलायला कमी. हात मात्र असा की टाळूलगतच्या बारीक वेण्या घालताना कंगव्याचं शेपूट एकदाच फिरवते आणि भांग सुतात पडतो. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. सांगितलं की माणसं बिघडतात.

राज्याच्या नव्या कायद्याप्रमाणे आता वेण्या घालायलाही लायसन्स लागतं. मला जुनी जाणती म्हणून परीक्षेशिवाय मिळालं, वर शिकवण्याचा परवानाही. सोखनाने माझ्या हाताखाली वर्षभरात तीनशे तास शिकायचं, रोजचे तास एका वहीत भरायचे, त्यावर मी सही करायची. तीनशे भरले की परीक्षा. ती वही आज लायसन्स देणाऱ्या बोर्डाकडून आली. सोखनाने तिला खाकी कागदाचं कव्हर घातलं, शाळेतल्या पोरीसारखं. मला हसू आलं.

२२ जानेवारी, सोमवार

सोमवारी दुकान बंद असतं. एक सोमवार सोडून पडदे ओढून सोखना माझ्या वेण्या घालते. गिऱ्हाइकांना मी सांगते की दोन आरसे लावून माझ्या मीच घालते. मिस जिनिव्हाचा विश्वास बसतो. ती माझी सगळ्यात जुनी गिऱ्हाईक, तिचा माझ्या प्रत्येक शब्दावर विश्वास बसतो.

आज आधी पांढऱ्यांवर नेहमीचा तांबूस रंग चढवला, मग वेण्या. माझ्या डोक्याला सोखना स्वतःचा शिंगाचा कंगवा वापरते. तिच्या आईचा आहे. प्लॅस्टिकने तुमचे केस तुटतात, म्हणाली. शेवटी कंगव्यातलं गुंतवळ काढून, कागदात पुडी करून माझ्या हातात दिलं, दर वेळी देते तसं. तुमच्या डोक्याचं तुम्हीच जाळा, म्हणे. आमच्याकडेही जुन्या बायका असंच सांगायच्या. ज्याच्या हाती तुमचं गुंतवळ, त्याच्या हाती तुम्ही. मी चर्चला जाणारी बाई आहे, असल्या गोष्टी मानत नाही. पुडी मात्र चुलीत जाळली.

तासांच्या वहीत आजचे तास मागितले तिने. मी म्हटलं, बाळ, तू माझं डोकं केलंस, त्यात मी तुला काय शिकवलं? तिने वही मिटली.

३ फेब्रुवारी, शनिवार

दुकान भरलेलं. सोखनाने एका आठ वर्षांच्या मुलीच्या वेण्या पाच तासांत संपवल्या, टोकांना मणी ओवून. आई खूश, पोरगी आरशासमोरून हलेना. बसलेल्या बायका म्हणायला लागल्या, काय हात आहे हिचा, काय हात आहे. चार जणींनी पुढची वेळ मागितली, ती तिच्याकडे. माझ्या दुकानात, माझ्यासमोर.

मी उठून पोरीच्या मानेपाशी बोट ठेवलं आणि म्हटलं, हा भांग तिरका गेलाय. सोड सगळं.

तिरका नव्हता. ते मला इथे लिहायला काही वाटत नाही, कारण शिकणाऱ्याला एकदा तरी सगळं सोडायला लावावं लागतं, नाहीतर डोक्यात हवा जाते. सोखनाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मणी काढायला बसली. पोरगी रडायला लागली. तिची आई म्हणाली, राहू द्या, छान दिसतंय. मी म्हटलं, माझ्या दुकानातून तिरकं डोकं बाहेर जात नाही.

परत घालून होईपर्यंत दुकान रिकामं झालं. वहीत मी पाचच तास लिहिले. दुसरे पाच चूक सुधारण्याचे, ते कसे धरणार?

१६ मार्च, शुक्रवार

सकाळी सोखनाला फोन आला. कान आणि खांद्याच्या मधे फोन दाबून ती मिस जिनिव्हाच्या वेण्या घालत होती. तिच्या भाषेत दोन-तीन शब्द बोलली, मग नुसती ऐकत राहिली. हात चालू होता. फोन ठेवला आणि तो भांग पुरा केला. मिस जिनिव्हाने विचारलं, सगळं ठीक ना? ती म्हणाली, आई गेली. आजच पुरणार आहेत, जाऊन काही उपयोग नाही.

मिस जिनिव्हा तिचा हात धरून रडायला लागली. सोखना म्हणाली, हलू नका, भांग हलेल.

मी तिला घरी जा म्हटलं होतं. म्हणजे म्हणणार होते, पण आणखी दोन डोकी बाहेर बसलेली होती आणि तीही काही बोलली नाही. तिन्ही केली तिने. दुपारी मी तिला माझ्यातला कॉर्नब्रेड आणि पाल्याची भाजी दिली, ती तिने खाल्ली नाही.

संध्याकाळी वही आली. आजच्या तारखेपुढे मी शून्य लिहिलं. शिकण्यात लक्ष नव्हतं, लक्ष असणं शक्यच नव्हतं, आणि खोटी सही मी करत नाही. तिला तसं समजावून सांगितलं. तिने शून्यावरची शाई वाळू दिली आणि वही मिटली. म्हणाली, बरं.

११ एप्रिल, बुधवार

आज चार ओळींत भागणार नाही.

इथल्या कॉलेजातल्या मिसेस ऑगस्टीन वेण्या घालून घ्यायला आल्या. त्यांच्याकडे सप्टेंबरपासून वेण्यांचा वर्ग सुरू होणार आहे. एका वर्षाचा, सरकारमान्य, वर लायसन्स मिळवून देणारा. शिकवायला बाई हव्या आहेत. पगार, सुट्या, आजारपणाचा खर्च, सगळं. मी खुर्चीत सावरून बसले. एकतीस वर्षं झाली मला. या वस्तीत अर्ध्या बायकांना मी शिकवलंय, काहींनी तर समोर दुकानं थाटली.

बाई आरशात पाहत होत्या. मला वाटलं माझ्याकडे. मग म्हणाल्या, "सोखना, तुझ्याकडे लायसन्स आहे का?"

ती म्हणाली, तास भरतायत. बाई म्हणाल्या, ऑगस्टअखेर हातात लायसन्स असेल तर जागा तुझी, तोवर मी कोणाला घेत नाही.

जाताना त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की तुम्ही हिला फार छान घडवलंत. इतका जोरात दाबला की अंगठ्यातून कळ डोक्यात गेली. मी हसले.

१२ एप्रिल, गुरुवार

काल झोप नाही. सोखना गेली तर इथे कोण आहे? खुर्च्या चार आणि हात एक. तो तिचा. तिच्या जागी तीनशे तासांची दुसरी पोरगी आणायची, तिला पेड धरायला शिकवायचं, तर शिकवायला अंगठा नको का?

रेनिटाचा फोन. माझी मुलगी, ह्यूस्टनला असते. नेहमीचंच. आई, विकून टाक ते, माझ्याकडे ये, खालची खोली तुझीच आहे. मी म्हटलं, दुकानामागच्या ज्या दोन खोल्यांत मी राहते, तिथेच तू जन्मलीस. म्हणाली, म्हणूनच सांगतेय.

२ मे, बुधवार

सोखनाने तास मोजून आणले. एकशे अठरा. म्हणाली, मी दिवसाला नऊ तास उभी असते, मिस व्हर्डेल. मी म्हटलं, उभं राहणं आणि शिकणं यात फरक आहे. मी शेजारी उभी राहून सांगते, ते शिकणं. तेवढंच मी लिहिते. ती म्हणाली, तुम्ही शेजारी उभ्या राहत नाही.

उलट उत्तर दिल्याबद्दल आज काहीच लिहिलं नाही. तिच्या भल्याचंच आहे. कॉलेजात उलट बोलली असती तर?

१८ जून, सोमवार

आज माझं डोकं झालं. रंग नेहमीचाच. सोखना घाईत होती, मधेच दोनदा घड्याळ पाहिलं. मिसेस ऑगस्टीनकडे जायचं होतं हे तिने लपवलं नाही. शेवटची वेणी होताच पिशवी उचलली आणि गेली. नेहमीची पुडीसुद्धा दिली नाही. कुठेतरी फेकली असेल, आता तिला माझी काय किंमत?

आणि आरशाखाली तिचा शिंगाचा कंगवा राहिला. तीन वर्षांत पहिल्यांदा. तो कंगवा ती कोणाला हात लावू देत नाही, आणि त्यात गुंतवळ होतं.

तिचे केस मी आजवर पाहिलेले नाहीत, त्या फडक्यात असतात. तांबूस निघाले. त्यांच्याकडच्या उन्हाने होत असतील. मधे दोन-तीन पांढरे. चौतिसाव्या वर्षी पांढरे, कीव आली मला.

माझी आजी नदीपलीकडच्या गावातली. तिच्याकडे बायका यायच्या, नवरा टिकत नाही म्हणून. आजी सांगायची, त्याचं गुंतवळ खाकी कागदात घे, कागदावर नऊ वेळा नाव लिही, उंबऱ्याखाली ठेव आणि नऊ खिळे ठोक. ज्याचे केस, तो त्या उंबऱ्याच्या बाहेर राहणार नाही. गेला तरी परत येईल.

कंगवा होता तिथेच ठेवला, स्वच्छ करून.

१९ जून, मंगळवार

कागद तिच्या त्या वहीच्या कव्हरातलाच फाडला, मागचा कोपरा, कळणार नाही. नऊ वेळा सोखना लिहिलं. सातव्यांदा पेन हातातून गळलं. उंबऱ्याची फळी एका बाजूने सुटलेलीच होती. खाली सारलं आणि नऊ खिळे ठोकले. एकेक खिळा दोन्ही हातांनी हातोडा धरून. डोळ्यांतून पाणी आलं.

सोखना आली तेव्हा आठवा चालला होता. तिने विचारलं, काय झालं फळीला? मी म्हटलं, पाय अडकायचा एखाद्याचा. ती उभी राहून पाहत होती. मग उंबरा ओलांडून आत आली, कंगवा उचलून पाहिला आणि पिशवीत टाकला. मी देवाची क्षमा मागून घेतली. शिवाय मी असल्या गोष्टी मानतच नाही, मग पाप कसलं?

५ जुलै, गुरुवार

चार तारखेला ह्यूस्टनला जायचं ठरलं होतं. रेनिटाने तिकीट काढलं होतं, बॅग भरलेली होती. टॅक्सी दारात आली आणि मला एकदम वाटलं, मागची शेगडी बंद केली का. परत आत गेले. बंद होती. मग वाटलं, अंगठा फार दुखतोय. टॅक्सीवाला निघून गेला. रेनिटाने फोनवर एवढंच विचारलं, तिकिटाचे पैसे परत मिळतात का, ते जास्त लागलं.

इकडे सोखना मात्र रोज वेळेवर. कुठे जायची भाषा नाही, कॉलेजचं नाव नाही. शांत झाली आहे. आजी खोटं सांगत नव्हती.

११ जुलै, बुधवार

परीक्षेचा अर्ज महिनाअखेर जायला हवा. वहीत एकशे सत्त्याऐंशी तास. सगळी गिऱ्हाइकं गेल्यावर सोखना माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वही उघडी, पेन वर ठेवलेलं.

"मिस व्हर्डेल, एकच विचारते. माझ्या हातात काय कमी आहे?"

मी म्हटलं, "नम्रता."

"ती किती तासांची असते?"

मी म्हटलं, हे बघ, हेच. डिसेंबरपर्यंत भरतील तीनशे, मी काय पळून जाते का? कॉलेज कुठे जात नाही, पुढच्या वर्षीही वर्ग असेलच. ती म्हणाली, जागा नसेल. मी म्हटलं, मग इथे आहेच ना. माझ्यामागे हे दुकान कोणाचं, असा कधी विचार केलास का? हे मी आजवर तिला म्हटलं नव्हतं, आणि म्हटल्यावर मलाच भरून आलं.

ती म्हणाली, "रेनिटाचं." आणि वही मिटून झाडू घेतला.

मी तिला जवळ घेऊ पाहिलं. तिने घेऊ दिलं, पण झाडू हातातच ठेवला.

२४ जुलै, मंगळवार

आज दिवस चांगला. बोर्डाकडून एक साहेब आले, मिस्टर हॉलिस. गळ्यात ओळखपत्र, अगदी सभ्य माणूस. म्हणाले, शिकवणाऱ्यांची पाहणी चालू आहे. मिसेस ऑगस्टीननी बोर्डाला पत्र लिहून माझ्या दुकानाचं नाव कळवलं होतं म्हणे. बघा, बाईला उशिरा का होईना सुचलं. आपल्याला चांगलं म्हणणारे असतात, फक्त धीर धरावा लागतो.

त्यांना मी सगळं दाखवलं. खुर्च्या, कंगवे भिजवायचं औषध, हात धुवायची जागा. मग त्यांनी विचारलं, गिऱ्हाइकांच्या वेळा लिहून ठेवता का? मी म्हटलं, साहेब, असं दुसरं दुकान दाखवा. आणि माझी डोक्यांची वही काढून दिली. एकतीस वर्षांची सवय आहे. कोण बसलं, किती वाजता, उठलं किती वाजता, आणि कोणाचा हात. माझा असेल तर व्ह., तिचा असेल तर सो. चार तास सांगितले तर चारच लागतात, हे मी गिऱ्हाइकाला वहीत बोट ठेवून दाखवते.

तासभर वाचत बसले. अक्षराचं कौतुक केलं. फोटो काढू का विचारलं, मी म्हटलं खुशाल काढा. सोखनाची तासांची वही शेजारी ठेवून पान पान लावून पाहत होते, इतका बारकाईचा माणूस. मार्चमधल्या एका पानावर फार वेळ थांबले. मला विचारलं, सोळा तारखेला काय होतं? मी खरं ते सांगितलं, बिचारीची आई वारली त्या दिवशी. त्यांनी टोपी हातात घेतली.

वहीत गेल्या सहा महिन्यांत व्ह. कुठे दिसत नाही, असंही म्हणाले. मी म्हटलं, मी शिकवते.

सोखना त्या वेळी एका डोक्यात गुंतलेली होती. वर पाहिलं नाही. मिस्टर हॉलिस तिच्यामागे पाच-दहा मिनिटं उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. त्यांच्यासाठी मी लिंबू सरबत केलं. ते त्यांनी घेतलं नाही, कामावर चालत नसेल.

या वर्षी बोर्ड उत्तम शिक्षकाचं प्रशस्तिपत्र देणार, असं मिस जिनिव्हा म्हणत होती. मी बोलून दाखवणार नाही. पण भिंतीवर आरशाशेजारी जागा आहे.

८ ऑगस्ट, बुधवार

पत्र आलं. दोन पानं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, दुसऱ्या कोणाचं माझ्याकडे आलंय.

माझ्याच वहीवरून सोखनाचे एक हजार एकशे बारा तास धरले. तिला परीक्षेला बसायची परवानगी. माझा शिकवण्याचा परवाना रद्द, कायमचा. नोंदी खोट्या, असा शब्द आहे. खोट्या. मी एक तास जास्तीचा लिहिला नाही. मी कमी लिहिले, आणि कमी लिहिणं याला खोटं म्हणतात हे मला या वयात कळलं.

१६ मार्चचा वेगळा परिच्छेद आहे. शिकणारीने आईच्या मृत्यूच्या दिवशी नऊ तास दहा मिनिटं काम केलं, शिक्षिकेने शून्य लिहिलं. दहा मिनिटं सुद्धा. माझंच अक्षर.

सोखनाला पत्र दाखवलं. तिचं तिला आलेलं होतं. "मी त्यांना काही सांगितलं नाही," ती म्हणाली. "मी फक्त मिसेस ऑगस्टीनना म्हटलं, मिस व्हर्डेलची डोक्यांची वही बघा. ती कधी चुकत नाही."

१८ ऑगस्ट, शनिवार

परीक्षा पास झाली. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. आज शेवटची तीन डोकी करून गेली. खुर्ची पुसली, सगळे कंगवे औषधात टाकले, स्वतःचा पिशवीत ठेवला. खाकी कव्हराची वही मला देऊन गेली, आता तिला लागत नाही. मागचा कोपरा फाटलेला आहे, त्यावर तिने काही विचारलं नाही.

मी दाराकडे पाहत होते. उंबऱ्यापाशी ती थांबली आणि मी खुर्चीवरून अर्धी उठले. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि गेली. परदेशी माणसांवर आजीचं चालत नसावं.

१५ सप्टेंबर, शनिवार

महिनाभर दुकानात येणाऱ्या बायका दारातूनच विचारतात, सोखना कुठे बसते आता? मी सांगते. काय करणार?

आज मिस जिनिव्हा आली. म्हणाली, व्हर्डेल, तूच घाल, आपण दोघी जुन्या. मी बसवलं तिला. साध्या आठ वेण्या, गंगावन न लावता. पहिल्या दोन जमल्या. तिसरीला अंगठा वळेना, पेड निसटला, तो पकडायला ओढला तर ती कण्हली. चौथी सैल. पाचवीला मी दात आवळून रडत होते, ती मान खाली घालून बसली होती म्हणून बरं. साडेतीन तास लागले. उठून तिने आरशात पाहिलं आणि म्हणाली, छान. पैसे दिले, जास्तच दिले, गालाला गाल लावला.

काचेतून दिसत होतं. गाडीत बसली आणि तिथेच, आरसा खाली करून, एकेक वेणी सोडायला लागली. आठही सोडल्या. मग डोक्याला रुमाल बांधला आणि गाडी सुरू केली.

मला चर्चला जाऊन बारा आठवडे झाले. दर रविवारी कपडे घालून दारापर्यंत येते.

१ ऑक्टोबर, सोमवार

सोखना आली. आज कॉलेजला सुटी होती. बावीस मुली आहेत वर्गात. मी कसं चाललंय विचारलं, तिने बरं चाललंय म्हटलं. माझ्या डोक्याला दीड महिना फडकं आहे. तिने ते काढलं आणि पडदे ओढले.

तीन तास लागले. गुंता फार झाला होता. तिने एकदाही ओढलं नाही. शेवटी आरसा मागे धरून मान दाखवली, गिऱ्हाइकाला दाखवतात तशी. भांग सुतात. मी तिला आज म्हणणार होते, तुझ्यासारखा हात मी पाहिला नाही. तोंडातून निघालं, उजवीकडे जरा सैल आहे. ती म्हणाली, तुमचे केस गळतायत तिथे, म्हणून सैल ठेवलंय.

कंगव्यातलं गुंतवळ काढून तिने पुडी केली आणि माझ्या हातात दिली. तांबूस, मधे पांढरे.

मी पुडी उलगडून उजेडात धरली. मग विचारलं, जूनमध्ये तुझा कंगवा इथे राहिला होता ना?

"त्या दिवशी तुमची पुडी द्यायची राहिली. कंगव्यातच होतं सगळं. दुसऱ्या दिवशी आले तर कंगवा स्वच्छ, आणि तुम्ही खिळे ठोकताय."

"तुझे केस?"

"माझे मी घरी विंचरते. या दुकानात मी माझा एक केस ठेवलेला नाही." ती पिशवी आवरत होती. "आमच्याकडेही असं करतात, उंबऱ्याखाली."

मी म्हटलं, "मग काढून का नाही टाकलंस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, काहीच नव्हतं. "माझं नव्हतं ते," ती म्हणाली, आणि उंबरा ओलांडून गेली.

२ ऑक्टोबर, मंगळवार

मी असल्या गोष्टी मानत नाही.

पकड घेऊन सकाळपासून बसले आहे. खिळ्याची डोकी लाकडात बुडालेली आहेत, मीच बुडवली. पकड दाबायला अंगठा लागतो. सुरीने लाकूड कोरून पाहिलं, सुरी निसटून तळव्यात गेली. शेजारच्या किल्ल्या बनवणाऱ्याला बोलवता येईल. पण तो फळी उचलेल, कागद उलगडेल आणि नऊ वेळा लिहिलेलं नाव वाचेल. या वस्तीत ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल. बाहेर पडायला हा एकच उंबरा, मागचं दार आधीच्या मालकाने कधीचं विटांनी बंद केलंय.

नऊपैकी एकही निघाला नाही.

६ ऑक्टोबर, शनिवार

रेनिटा स्वतः गाडी घेऊन आली, आठ तास चालवून. वेण्या कोणी घातल्या, किती छान, म्हणाली. मी म्हटलं, दोन आरसे लावून माझ्या मीच. बॅगा तिने गाडीत ठेवल्या. खुर्च्यांवर चादरी टाकल्या. मग दारात उभी राहून हात पुढे केला, चल आई.

मी उंबऱ्यापर्यंत गेले. पायाखाली खिळ्यांची डोकी लागत होती. म्हटलं, शेगडी बघून येते.

मग म्हटलं, पुढच्या शनिवारी.

ती बाहेर गाडीत अर्धा तास बसून राहिली. मग एकेक बॅग परत आणून दाराच्या आत ठेवली आणि गेली.